पहिल्या घंटेला वेळ असतो

पडदा वर जातो.

डाव्या अंगाला दोन खोल्यांचं, उतरत्या छपराचं घर. घराच्या खिडकीतून एक दोर बाहेर पडलेला दिसतो. उंच खांबांना बांधलेल्या लाकडी कप्प्यांच्या चाकांवरून तो दोर शेत ओलांडत जातो आणि मधोमध उभ्या असलेल्या मोठ्या झाडाच्या फांदीवर, एका पितळी घंटेपाशी संपतो. उजव्या अंगाला जमीन खाली उतरत जाते. तिथं विहीर, मोटरीची खोली आणि पाण्याच्या पाटातला गाळ काढणारा एक उंच, काटकुळा म्हातारा. उजेड दुपार कलल्यानंतरचा. संगीत नाही. वारा आहे, आणि लांब कुठंतरी मळणीयंत्राची घरघर.

त्या घरघरीकडे लक्ष असू द्या. आमचं कुणाचंच नव्हतं.

हा म्हातारा म्हणजे आमचे दोरीमामा. ज्या नाटक मंडळीत मी उभी हयात तोंडाला रंग लावला, तिथं ते पडदा ओढायचे. मंडळीत प्रत्येकाला काही ना काही नाव पडलेलं होतं. मला सगळे बाई म्हणत. व्यवस्थापकांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही. मामांच्या हातात सदा दोर, म्हणून ते दोरीमामा. त्यांची बायको कपडेपट सांभाळायची, ती ओघानंच मामी झाली. वयानं दोघं माझ्याहून फार मोठी नाहीत, पण एकदा तोंडातून मामा-मामी निघालं की माणसं आपोआप वडीलधारी होऊन बसतात.

प्रेक्षकांना वाटतं, पडदा ओढायला काय लागतं? दोन हात आणि एक दोर. मामांची तऱ्हा वेगळी होती. एकदा कुणा बड्या पाहुण्यांसाठी प्रयोग होता. पाहुणे आधीच येऊन पहिल्या रांगेत बसलेले, तिसरी घंटा झालेली. मी मंचावर आरामखुर्चीत. त्याच संध्याकाळी वडिलांच्या आजारपणाची बातमी आली होती, पण चेहरा मी सावरला होता. कुणाला काही कळलं नसतं. साहेब विंगेत येऊन म्हणाले, ओढा. मामांनी दोर धरला, ओढला मात्र नाही. साहेबांनी डोळे वटारले. मामा माझ्यावरची नजर न हलवता म्हणाले, "बाईंचा श्वास अजून बसलेला नाही."

मग बसला, आणि पडदा वर गेला. साहेब नंतर त्यांच्यावर बरेच उखडले. मी विचारलं, मामा, तुम्हाला अंधारात कसं दिसलं? तर म्हणाले, चेहऱ्याकडे बघायचंच नाही, चेहरा तुम्ही लोक रंगवता. खांद्यांकडे बघायचं. श्वास खांद्यांत दिसतो.

असा माणूस. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

आणि दुसरी गोष्ट घंटांची. नाट्यगृहात तीन घंटा होतात, तुम्हीही ऐकल्या असतील; आमच्याकडे त्या साहेब द्यायचे. पहिली होते तेव्हा लोक बाहेर चहा पीत उभे असतात आणि आत कुणाची तरी मिशी चिकटवायची राहिलेली असते. दुसरीला जो तो आपापल्या जागी येतो. तिसरीला पडदा. मामांचं सगळं शरीर या तीन घंटांवर लावलेलं होतं. पहिली झाली की ते कप खाली ठेवायचे, मागच्या बादलीतल्या पाण्यानं हातपाय धुवायचे, आणि कोपऱ्यातल्या डब्यातली कोरडी माती तळव्यांना चोळायचे. दोर निसटू नये म्हणून. मग दोराजवळ पाय जुळवून उभं राहायचं आणि दुसरीची वाट बघायची. तोंडावर असं समाधान, जसं काही जगात सगळं जागच्या जागी आहे. कुणी नवा नट घाबरून इकडंतिकडं धावायला लागला की मामा त्याला सांगायचे, अरे, पहिल्या घंटेला वेळ असतो.

मंडळी बंद झाली तेव्हा ती पितळी घंटा आम्ही सगळ्यांनी मिळून मामांनाच दिली. दुसऱ्या कुणाच्या घरात ती शोभलीही नसती.

आता मामींकडं येते. कपडेपट म्हणजे पेट्या, पेट्यांमधली कसरीची पावडर, खळ, कोळशाची इस्त्री आणि आमच्या सगळ्यांच्या अंगावरून उडणारा रंगाचा भुगा. मामींनी ते सगळं वर्षानुवर्षं छातीत भरून घेतलं. मंडळी सुटली आणि दमा राहिला. त्या मुलाकडे राहायला गेल्या, शहरात. मुलगा भला आहे, सून त्याहून भली. पण खाली बेकरीची भट्टी आणि समोर बसडेपो. मामींना रात्री पाठ टेकता यायची नाही. आडवं झालं की छाती भरून यायची. भिंतीला उशा लावायच्या आणि मान एका बाजूला टाकून बसल्या बसल्याच झोपायचं. मामा म्हणायचे, आमच्या खोलीत रोज रात्री कुणीतरी लांबच्या प्रवासाला निघालंय असं वाटतं.

डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत नेऊन बघा. मामींच्या भावाचं गावाकडं घर रिकामं पडलं होतं, भोवती थोडी जमीन. दोघं तिकडं गेली. बरेच दिवस खबर नाही, मग मामांचा फोन. ना खुशाली, ना चौकशी. म्हणाले, "बाई, ही आडवी झोपली."

आधी मला भलतंच वाटलं. मग कळलं. पुढं फोनमध्ये नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला.

मला खेडं माहीत ते नाटकातलं. कापडावर रंगवलेला डोंगर, त्यावर कुणीतरी ओलं डोकं टेकल्याचा डाग, आणि खिळ्याला अडकवलेला चंद्र. त्यामुळे मी मामांचे फोन कान देऊन ऐकायची. पण खरं सांगायचं तर त्या एका फोनवरून मला दोन मामा भेटायचे. पहिले मोठ्यानं बोलायचे. भाजी कशी दारात पिकते, पाणी कसं गोड आहे, पहाटे कसं लख्ख दिसतं, मामी आता शेताच्या बांधापर्यंत चालत जाते आणि वर गाणं म्हणत येते. मग आवाज खाली यायचा, आणि दुसरे मामा सुरू व्हायचे. बाई, दवाखाना मोठ्या गावात आहे आणि रस्ता म्हणजे नुसते खड्डे. वीज कधी जाते त्याला धरबंध नाही. फोनची रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, विहिरीवर गेलं की फोन म्हणजे दगड. हिला काही झालं तर मला कळणार कसं?

म्हणून त्यांनी ती घंटा बांधली.

दोराच्या कामात त्यांचा हात कोण धरणार? मामींच्या खाटेपासून झाडापर्यंत त्यांनी दोर असा आणला होता की बोटानं ओढला तरी घंटा बोलावी. झाड मुद्दाम निवडलेलं. त्याच्या एका बाजूला मामांची विहीर, दुसऱ्या बाजूला शेजारणीच्या शेड. ही शेजारीण म्हणजे पोल्ट्रीवाली. तिशीतली, एकहाती कोंबड्या पाळणारी, आणि मुख्य म्हणजे पिकअप स्वतः चालवणारी. तिचं नि मामींचं चांगलं सूत जमलं होतं. मात्र मामींकडं येताना ती आधी अंगावरची पिसं झाडायची, हातपाय धुवायची, कपडे बदलायची, आणि मग दारातूनच ओरडून विचारायची, येऊ का आत, का अजून वास येतोय?

मामांनी तिला आणि मामींना नियम घालून दिले. एक घंटा म्हणजे मामींना काहीतरी हवंय, हातातलं काम उरकून या. दोन म्हणजे काम टाकून या. तीन म्हणजे गाडी काढा. फोनवर मला हे सांगताना त्यांचा आवाज फुलला होता. तालमीसुद्धा झाल्या म्हणे. मामी खाटेवर बसून दोर ओढायच्या, पहिली, मग थांबून दुसरी, मग तिसरी, अगदी आमच्या नाट्यगृहात व्हायच्या तशा अंतरानं.

एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. तालमीच्या वेळी मामींना श्वास होता.

मुलाच्याही ध्यानात आली नव्हती, पण त्याला हा सगळा प्रकारच मान्य नव्हता. त्याचा मला फोन आला. मावशी, आईला अटॅक आला तर ही माणसं घंटा वाजवणार, देवळात आहेत का? आमच्या घरापासून हॉस्पिटल दोन गल्ल्या सोडून आहे. बाबा माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्ही जाऊन त्यांना घेऊन या.

मीही विचार केला, पोराचं काय चुकलं? आणि पिशवी भरली.

बसमधून उतरले तर फाट्यावर पोल्ट्रीवाली गाडी घेऊन उभी. चहाच्या टपरीवाल्यानं लांबूनच विचारलं, मामांकडच्या नाटकातल्या बाई त्या ह्याच का? मी घाबरले. शहरात माझ्या शेजारच्या दाराला माझं आडनाव माहीत नाही. गाडीत बसल्यावर पोल्ट्रीवाली म्हणाली, "मामा-मामींना न्यायला आलात ना?"

मी म्हटलं, कोण म्हणालं?

"बसमध्ये तुमच्याशेजारी बसलेली बाई माझ्या नणंदेच्या घरामागची. तुम्ही तिला सगळं सांगितलंत, तिनं उतरायच्या आधी फोन केला." मग गिअर टाकत म्हणाली, "न्या बापडं. त्या घंटेवर मी कोंबड्यांना दाणा घालीन."

बोलणं असं वाकडं, पण बोलताना तिनं नजर रस्त्यावरून हलवली नाही. ती तिच्या शेडपाशी खाद्याची पोती उतरवायला थांबली. मी खाली उतरून वाऱ्यात उभी राहिले आणि मामांना काय बोलायचं त्याची मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागले. कुठलं वाक्य आधी, कुठं थांबायचं, मुलाचं नाव कुठं घ्यायचं. सवय जात नाही. वारा माझ्या तोंडावर येत होता आणि त्यात काहीतरी बारीक, सोनेरी उडत होतं. मला ते छान वाटलं. वरच्या शेतात गव्हाची मळणी चालू होती आणि सगळा भुसा मामींच्या घराच्या दिशेनं चालला होता.

तेवढ्यात घंटा झाली. एक.

पोल्ट्रीवालीच्या हातातलं पोतं खाली पडलं, फुटलं, खाद्य पसरलं. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. मी म्हणाले, एकच झाली. ती तोवर गाडीत होती. "तुम्ही बसताय की राहताय?"

मी बसले. त्या थोड्याशा वाटेवर मी दुसरीसाठी कान लावून होते. आली नाही. इंजिनाच्या आवाजात हरवली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

मामी खाटेच्या कडेला बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत वर चढलेले, ओठ जांभळे पडलेले. दम्याचा पंप जमिनीवर, उपयोग न झालेला. एका मुठीत दोराचं टोक. त्यांनी आमच्याकडे बघितलं ते नुसत्या डोळ्यांनी, मान हलवण्याचंही बळ नव्हतं. खिडकीतून तो सोनेरी भुसा आत येत होता. पोल्ट्रीवाली तशीच आत शिरली, अंगभर पिसं, कोंबड्यांचा वास, आणि मामींना काखेत धरून तिनं उचललं. दोर मुठीतून सुटेना. मी एकेक बोट सोडवलं.

मामा घरात नव्हते. रस्ता विहिरीवरून जातो. गाडी वळणावर आली आणि ते दिसले.

फावडं बाजूला नीट टेकवून ठेवलेलं. हातपाय धुतलेले, पायजम्याच्या कडा ओल्या. पाय जुळवून, तोंड घंटेकडे करून ते ताठ उभे होते. दोन्ही तळव्यांना कोरडी माती चोळलेली. चेहऱ्यावर तेच ते समाधान, जे मी विंगेतून शेकडो वेळा बघितलं होतं. ते दुसरीची वाट बघत होते.

मग त्यांना गाडी दिसली, गाडीत मामी दिसल्या. त्यांनी एकदा घंटेकडे बघितलं, एकदा मामींकडे, पुन्हा घंटेकडे. पोल्ट्रीवालीनं गाडी पुरती थांबवलीसुद्धा नाही. ते मागं अंड्यांच्या ट्रेंमध्ये कसे चढले मला ठाऊक नाही. मी मामींना छातीशी धरून पुढं बसले होते. मागच्या काचेवर दोन हात टेकलेले होते, मातीचे, आणि त्यांच्यामध्ये मामांचा चेहरा. ते मामींच्या खांद्यांकडे बघत होते.

रस्त्याचं वर्णन करत नाही. प्रत्येक खड्ड्याला मामींच्या तोंडातून एक शिट्टीसारखा आवाज निघायचा, आणि तो आवाज आला की मला धीर यायचा. शहरात असतो तर एव्हाना पोचलो असतो, हे एकच वाक्य माझ्या डोक्यात घोळत होतं, आणि ते मुलाच्या आवाजात होतं. अरुंद पुलावर धान्याची ट्रॉली आडवी अडकलेली. मी डोळे मिटले. पोल्ट्रीवालीनं हॉर्न दिला. तो हॉर्न तिथल्या प्रत्येकाच्या ओळखीचा. माणसं आत वाकून बघून गेली, मामी आहेत म्हणाली, आणि सगळ्यांनी खांदे लावून ती ट्रॉली अशी बाजूला ढकलली की अर्धं धान्य ओढ्यात गेलं. मालक तिथंच होता, तो ढकलणाऱ्यांत पुढं होता. कुणीतरी फोन लावला असणार, कारण आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई फाटकात उभ्या होत्या आणि मागं ऑक्सिजनची नळकांडी घेऊन माणूस. उशिरानं जेवायला घरी निघाल्या होत्या, वाटेतून परत फिरल्या होत्या.

मी तेव्हा मनाशी म्हटलं, ज्या गावानं मला उतरायच्या आधी ओळखलं म्हणून मी घाबरले, तेच हे गाव. आणि मनातला दुसरा आवाज म्हणाला, हो, पण त्या डॉक्टरीणबाई जेवून झोपल्या असत्या तर?

मामींना आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी मामांना विचारलं, त्रास कधी सुरू झाला. मामा म्हणाले, पहिली झाली तेव्हा. त्यांनी विचारलं, पहिली काय?  मग मी पुढं होऊन सांगितलं.

व्हरांड्यात एक लांब बाक होता. त्यावर आम्ही बसलो. आतून वाफेच्या यंत्राचा फुरफुर आवाज येत होता. पोल्ट्रीवाली पायरीवर बसून अंगावरचं एकेक पीस काढत होती. ती एकदा माझ्याकडे बघून, समजूत घातल्यासारखी म्हणाली, मला कुठं ते नाटकातलं कळतं, घंटा वाजली म्हणून मी गेले. मामांनी ऐकलं. तिच्या बिचारीच्या मनात टोमणा नव्हता, पण तो लागायचा तिथं लागला.

नळ समोर होता. मामांनी हात धुतले नव्हते. तळवे वर करून मांडीवर ठेवले होते आणि माती वाळून भेगाळली होती. मग ते बोलले.

"बाई, मी ऐकली. स्पष्ट ऐकली. कप ठेवावा तसं फावडं ठेवलं, हातपाय धुतले, माती लावली. आणि उभा राहिलो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उभं राहून मला बरं वाटत होतं, बाई."

  मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी फोन केला होता, संध्याकाळी मुलगा पोचला. रागानं त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी ज्या कामासाठी आले होते ते आता सोपं झालं होतं, मला तोंडही उघडावं लागलं नाही. मामा स्वतःच उठून त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, तुझ्या आईला घेऊन जा, मी तिला ठेवण्याच्या लायकीचा नाही. मुलगा भांडायच्या तयारीनं आला होता. समोरचा भांडेचना, तेव्हा तो बाकावर बसून लहान मुलासारखा डोळे पुसू लागला.

मामींना ते आतून ऐकू गेलं. आम्ही आत गेलो तर त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केलेला, आणि नर्स त्यांच्यावर रागावतेय. एकेक शब्द तोडत त्या मुलाला म्हणाल्या, तुझ्याकडे मला काही कमी नाही रे, पण मला तिथं बसून झोपावं लागतं. मी आता बसून झोपणार नाही. मुलगा म्हणाला, आई, आज तू गेली असतीस. त्या म्हणाल्या, हो. तेवढंच. 

मग त्या मामांकडे वळल्या.

"आणि तुम्ही. जन्मभर सगळ्या नटांच्या खांद्यांकडे बघत उभे राहिलात. माझ्यासाठी मात्र घंटा. मी काय तुमचा व्यवस्थापक आहे? समोर बसा की माझ्या."

नर्सनं मास्क परत बसवला. वरून दिसणारे डोळे हसत होते की ओले होते, ते सांगता यायचं नाही.

मुलानं ते मान्य केलं असं मी म्हणणार नाही. तो वाद थांबवून कामाला लागला. ऑक्सिजनचं एक नळकांडं घरी ठेवण्यासाठी मिळवलं, ते कसं उघडायचं हे पोल्ट्रीवालीला दहा वेळा करायला लावलं, खिडक्यांना बारीक जाळी बसवली. वडिलांशी तो फारसं बोलत नव्हता. निघताना मला म्हणाला, मावशी, मी यांना इथं सोडून जातोय, हे बरोबर आहे का?  तो फाट्यापर्यंत गाडी थांबवून थांबवून मागं बघत होता.

मी काही दिवस राहिले. मामांनी झाडावर चढून दोर उतरवला. शिडी धरायला पोल्ट्रीवाली होती, आणि तिचं तोंड पूर्ण वेळ चालू होतं. या वयात माकड व्हायची हौस आलीय, वगैरे. मामांनी एकेक कप्पी काढून फडक्यात गुंडाळली. विहिरीकडची जमीन त्यांनी पोल्ट्रीवालीला कसायला देऊन टाकली. ती त्यांची सगळ्यात लाडकी जागा. शहरात मुलाच्या खोलीत भिंतीला गुडघे लागायचे त्यांचे. विहिरीवर येऊन त्यांना पहिल्यांदा हातपाय मोकळे करायला मिळाले होते, पाणी कुठं वळवायचं ते कुणाला न विचारता ठरवता येत होतं. ते सगळं सोडून त्यांनी दारासमोर चार हात जमीन खणली, त्यात कोथिंबीर आणि पालक लावला, आणि दारात खुर्ची टाकली. मामी खाटेवर, मामा खुर्चीत. मधे आडपडदा काही नाही.

घंटा त्यांनी आता मामींच्या उशाशी टांगली आहे. नवा नियम पोल्ट्रीवालीनं केला. एक वाजली की सगळ्यांनी धावायचं. दोन-तीनचं नाव काढायचं नाही. मामांनी मान डोलावली, पण त्यांचा स्वतःवर विश्वास उरलेला नाही हे मला दिसत होतं. मामी सहज खोकल्या की ते उठून उभे राहायचे. भांडं पडलं तरी उभे. एकदा रस्त्यावरून सायकलवाला घंटी वाजवत गेला तर ते धावत फाटकापर्यंत पोचले. मामी म्हणाल्या, अहो, तो पाववाला. ते परत येऊन बसले, पण खुर्चीच्या कडेवर.

मी जायला निघाले त्या दिवशी मामी शेंगा सोलत बसल्या होत्या. चेहरा तुकतुकीत, आणि रात्री पाठ टेकून झोपल्याचं त्यांनी मला दोनदा सांगितलं. बाहेर पोल्ट्रीवाली गाडी सुरू करून उभी. मी मामांच्या पाया पडायला वाकले. इतक्या वर्षांच्या ओळखीला साजेसं काहीतरी ते बोलतील म्हणून क्षणभर थांबले. आम्हा नटांना निरोपाची वाक्यं लागतात. मामा खुर्चीतून उठले नाहीत. त्यांची नजर मामींच्या खांद्यांवर होती. खांदे संथ वर-खाली होत होते. वारा पडलेला होता, पण कधी उठेल ते कोण सांगणार? त्यांनी नजर न हलवता माझा हात धरला आणि म्हणाले,

"बाई, वाटेत कुठं मळणी चालू दिसली तर हिच्या फोनवर सांगा. माझ्या नको. मी दुसऱ्या फोनची वाट बघत बसेन."